टॉवरने हो म्हटलं तरी

कोहेफिजा, भोपाळ
फेब्रुवारीतला रविवार

चि. छकुलीस,

तुझा मेसेज मिळाला. मेसेज कसला, तक्रारअर्जच तो. हार्नेस चढवून तासभर ताटकळत ठेवलं, मग एकदाचं वर नेलं, दार उघडलं, गार वारा तोंडावर आला, आणि ऐनवेळी खाली ढग आले म्हणून इन्स्ट्रक्टरने मान हलवली. दार बंद. आलात तसे विमानातूनच खाली. आणि वर तुझा सवाल: ‘मामाआजोबा, टॉवरने क्लिअरन्स दिला होता, मी स्वतःच्या कानांनी ऐकला. मग हा नाही म्हणणारा कोण?’ जोडीला एक टोमणाही आहे, तुम्ही एटीसीवाले, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणवाले, एवढ्या मोठ्या आकाशात एका चिमुकल्या विमानाला उगाच अडवून धरता म्हणून.

हे फोनवर सांगण्यासारखं नाही. शिवाय फोनवर तू मला बोलू देत नाहीस. म्हणून पत्र. लांबलं तर टप्प्याटप्प्याने वाच.

आधी टोमण्याचं बघू. मार्च 2022 मध्ये मध्य प्रदेश पर्यटन मंडळाने भोपाळ आणि उज्जैनला स्कायडायव्हिंगचं शिबिर भरवलं, तेव्हा आमच्या पेन्शनर मंडळींत दोन तट पडले. एकाचं म्हणणं, पैसे देऊन कोण विमानातून पडून घेईल? दुसऱ्याचं, मला वयाची अट कळवा. मी मात्र नकाशा आठवत होतो. पुढे उज्जैनजवळची दताना हवाईपट्टी हीच या खेळाची हिवाळ्यातली जागा होऊन बसली. आता गंमत बघ. उज्जैनहून इंदूरचा विमानतळ सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर. जेट विमान उतरायला लागलं की हजार फूट खाली यायला त्याला साधारण तीन सागरी मैल लागतात, हा वैमानिकांचा तोंडी हिशेब. त्या हिशेबाने इंदूरला उतरणारं विमान 10 हजार फुटांवर असतं तेव्हा धावपट्टीपासून 45 ते 50 किलोमीटरवर असतं. म्हणजे दिल्लीकडून, उत्तरेकडून येणाऱ्या विमानाला तू जिथे दार उघडतेस नेमकी तीच जागा आणि तीच उंची सोयीची. आकाश मोठं आहे हे खरं, पण सगळ्यांना त्यातला तोच तुकडा हवा असतो.

भोपाळलाही वेगळं काही नाही. राजा भोज विमानतळ बैरागढच्या पलीकडे, त्याच्या दक्षिणेला बडा तालाब, आणि उतरणारी विमानं आमच्या गच्चीवरून रोज दिसतात. इथे उडी ठेवायची तर विमानतळाच्या अगदी उशाशी ठेवल्यासारखं होतं.

आता वेगाचा हिशेब कर, तुला गणित आवडतं. 10 हजार फुटांवरून सुटलीस की पहिल्या 10 सेकंदांत हजारभर फूट पडतेस. मग वेग ताशी 200 किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो आणि दर साडेपाच सेकंदांना हजार फूट संपतात. टँडममध्ये, म्हणजे इन्स्ट्रक्टरला बांधून मारलेल्या उडीत, छत्री 5 हजारांच्या सुमारास उघडते. म्हणजे मोकळं पडणं अर्ध्या मिनिटाचं आणि त्यापुढे छत्रीखाली पाच-सहा मिनिटं. याच वेळी उतरणारं जेट ताशी 460 किलोमीटरने येत असतं. तुझ्या त्या अर्ध्या मिनिटात ते चार किलोमीटर सरकतं, आणि तुझे पाय जमिनीला लागेपर्यंत पन्नासेक किलोमीटर. तू दार उघडलंस तेव्हा जे विमान तुझ्यापासून लांब होतं, ते तू छत्रीखाली फोटोसाठी अंगठा दाखवत असशील तेव्हा लांब असेलच असं नाही. म्हणून कंट्रोलर ‘आत्ता मोकळं आहे का’ एवढंच बघत नाही, पुढची सात-आठ मिनिटं मोकळी राहतील का ते बघतो. तेवढी फट सापडेपर्यंत तुम्ही ताटकळता.

आणि तू रडारवर दिसत नाहीस. विमानात ट्रान्सपॉन्डर असतो, तो त्याचा कोड आणि उंची पाठवत राहतो, म्हणून पडद्यावर विमानाशेजारी आकडे उमटतात. तुझ्या अंगावर असलं काही नसतं. दाराबाहेर पडलीस की आमच्या दृष्टीने तू नाहीशीच झालीस. मग आम्ही काय करायचो? प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी असते, प्लास्टिकच्या खोबणीत बसवलेली. त्यावर नाव, उंची, वेळ, आणि पेनने केलेल्या खुणा. उडीचं विमान वर गेलं की त्याच्या पट्टीजवळ आणखी एक पट्टी आडवी ठेवायची, तांबड्या शाईत ‘पीजेई’ लिहून. पीजेई म्हणजे पॅराशूटच्या उड्या. जमिनीपासून उडीच्या उंचीपर्यंतचा तो खांब त्या पट्टीने अडवलेला. ‘ड्रॉप कम्प्लीट’ ऐकलं तरी ती काढायची नाही. विमान रिकामं झालं, पण माणसं अजून हवेत आहेत. सगळे जमिनीला लागल्याचा निरोप आला की मगच पट्टी खोबणीतून निघते. नवीन पोरं घाईत काढून टाकायची आणि वरिष्ठ काही न बोलता ती परत ठेवायचे.

हे सगळं फाजील काळजीचं वाटत असेल तर 1993 सालची अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातली गोष्ट ऐक. एक छोटं खासगी विमान चाललं होतं आणि वरून पडणारा एक स्कायडायव्हर त्याच्या शेपटीवर आदळला. उडी मारणारा वाचला, घोट्यावर निभावलं. विमानातले चौघे गेले. ‘पडणाऱ्याचा जीव धोक्यात’ एवढंच आपण समजतो. खालून जाणाऱ्यांचं काय, त्यांनी तर कुठल्याही फॉर्मवर सही केलेली नसते.

परवानग्यांची यादी मी देत बसत नाही. डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी, हवाईपट्टीच्या मालकाची, म्हणजे बहुतेकदा राज्य सरकारची, जिल्हा प्रशासन, हवाई दल, उड्डाणापूर्वीचे एफआयसी (उड्डाण माहिती केंद्राचा) आणि एडीसी (हवाई संरक्षणाचा) नंबर, ही सगळी ऑपरेटरची डोकेदुखी. विमान नियम 1937 सालचे, त्यात आणीबाणीखेरीज पॅराशूटने उडी मारायला परवानगी लागते हे आधीपासून आहे. जगभर हीच रीत.

पण नोटॅमबद्दल सांगतो, कारण तिथे लोक हमखास गोंधळतात. नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठी काढलेली सूचना: अमुक ठिकाणाभोवती इतक्या त्रिज्येत, इतक्या उंचीपर्यंत, अमुक वेळेत उड्या होणार आहेत. लोकांना वाटतं नोटॅम निघाला म्हणजे आकाश आपल्या नावावर झालं. प्रेमपुऱ्याच्या घाटावर आपला गणपती जातो तेव्हा पोलीस रस्ता बंद करतात, तसं इथे सहसा होत नाही. रस्ता चालूच असतो, फक्त ‘पुढे मिरवणूक आहे, जपून’ अशी पाटी लागते. मिरवणुकीला दरवेळी, प्रत्येक चौकात, पुन्हा विचारावं लागतं. म्हणून वैमानिक उडीच्या दोन मिनिटं आधी ‘टू मिनिट्स टु ड्रॉप’ सांगतो, टॉवरचं उत्तर येतं, आणि मग दार उघडतं. नोटॅम असूनही ‘थांबा’ म्हणण्याचा आमचा हक्क शाबूत असतो.

नोटॅममधली वेळ आपल्या घड्याळाची नसते हेही लक्षात ठेव. ती यूटीसीमध्ये, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. सकाळी 7 ते 11 उड्या करायच्या तर नोटॅममध्ये 0130 ते 0530 दिसायला हवं. कुणी सवयीने 0700 ते 1100 लिहून पाठवलं तर सूचना लागू होते दुपारी साडेबारा ते साडेचार. सकाळी माणसं पडत असतात आणि कागदावर आकाश रिकामं असतं.

उंचीचा घोळ त्याहून बेरकी. तुझ्या मनगटावर जो अल्टीमीटर बांधतात तो जमिनीवर शून्य करून घेतात. बरोबरच आहे, तुला जमीन किती लांब हे कळायला हवं. कंट्रोलर मात्र समुद्रसपाटीपासून मोजतो. माळव्याचं पठार समुद्रापासून सुमारे 500 मीटर उंच. भोपाळच्या विमानतळाची उंची 1,700 फुटांच्या घरात. आता तुमचा माणूस म्हणाला ‘10 हजारांवर उडी’, तर ते जमिनीपासून की समुद्रापासून? जमिनीपासून असेल तर माझ्या हिशेबात तुमचं विमान 11,700 फुटांवर गेलं. आणि आम्ही दोन विमानांच्या मध्ये वरखाली अंतर ठेवतो हजार फुटांचं! मी तुमच्यावरून 11 हजारांवर एखादं विमान निर्धास्त काढलं असतं आणि तुम्ही त्याच्याही वर बसलेले असता. मुंबईत हा फरक पन्नासेक फुटांच्या आतला, कुणाला जाणवायचाही नाही. इथे तो जीवघेणा. म्हणून समजूतदार ऑपरेटर पत्रातच ‘समुद्रसपाटीपासून’ असं लिहितो, आणि समजूतदार कंट्रोलर तरीही फोन करून विचारतो. त्या फोनवर लोक वैतागतात. वैतागू देत.

एक फोन राहून गेला तर काय होतं हे वॉशिंग्टनने 20 एप्रिल 2022 ला पाहिलं. बेसबॉलच्या मैदानावर अमेरिकन लष्कराचं ‘गोल्डन नाइट्स’ पथक पॅराशूटने उतरणार होतं. सगळं रीतसर होतं. फक्त विमान वाहतूक खात्याकडून संसद भवनाच्या पोलिसांना आधी कळवायचं राहिलं. संध्याकाळी एक अनोळखी विमान राजधानीवर घिरट्या घालतंय म्हणून त्यांनी संसद भवन रिकामं केलं. तिकडे मैदानावर छत्र्या उतरत होत्या, टाळ्या पडत होत्या. मला हसूच आलं होतं तेव्हा, पण त्या दिवशी ड्युटीवर असलेल्याला आलं नसणार.

मध्येच आठवलं. तुझ्या खोलीत शीतल महाजनचा फोटो आहे ना, नऊवारीतला? पुण्याच्या या मुलीने 2018 साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली, तो. लोकांना साडीच दिसली. त्याआधी 18 एप्रिल 2004 ला तिने उत्तर ध्रुवावर रशियन हेलिकॉप्टरमधून उडी घेतली होती, उणे 37 अंशांत, 2,400 फुटांवरून, आणि ती तिची आयुष्यातली पहिली उडी. तू म्हणशील तिथे कुठला टॉवर, कुठली फट शोधायची? खरंय. पण 2,400 फुटांवरून छत्री उघडायला किती सेकंद मिळतात ते वरच्या हिशेबाने काढून बघ. तिच्या धाडसाला मी हात जोडतो, पण ते अनुकरणाला घेऊ नकोस. साडी हवी तर ने.

बरं, आता तुझा मूळ सवाल. टॉवर हो म्हणाला, मग इन्स्ट्रक्टर नाही का म्हणाला?

27 ऑगस्ट 1967. अमेरिकेतलं ओहायो राज्य. ह्युरन नावाच्या गावाजवळ ईरी सरोवर आहे. सरोवर म्हणायचं, दिसायला समुद्रच. एका खासगी हवाईपट्टीवरून दुसऱ्या महायुद्धातलं जुनं बी-25 बॉम्बर विमान स्कायडायव्हर्सना घेऊन निघालं. उंच उडी होती, 20 हजार फुटांवरून. खाली ढगांचा सलग थर, जमीन दिसत नव्हती. वैमानिक रडारवाल्या कंट्रोलरला विचारत होता, मी कुठे आहे? कंट्रोलर सांगत होता, हवाईपट्टीजवळ आला आहात. त्याच सुमारास उड्यांचे फोटो काढायला एक छोटं सेसना विमानही वर गेलं होतं. कंट्रोलरने पडद्यावर त्या सेसनाचा ठिपका पाहिला आणि तोच बी-25 समजला. बॉम्बर खरं तर पार सरोवरावर गेलेला.

अठरा जणांनी उडी मारली. ढगातून खाली आले तेव्हा त्यांना पाणी दिसलं. अंगावर थंडीचे जाड कपडे, जड बूट, तरंगायला काही नाही. त्यातले सोळा बुडाले. दोघांना बोटीने वाचवलं.

या प्रकरणाबद्दल आम्ही कंट्रोलर लोक आपसात बोलतो तेव्हा आधी सगळे त्या पडद्यासमोरच्या माणसाच्या बाजूने बोलतात, मग हळूहळू गप्प होतात. चौकशी झाली तेव्हा एनटीएसबीने, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने, दोन्ही गोष्टी मांडल्या. कंट्रोलरने चुकीचा ठिपका धरला, हे खरं. पण मुळात जमीन दिसत नसताना ढगातून उडी मारायला नको होती, हेही तितकंच खरं, आणि अपघाताचं मूळ कारण त्यांनी तेच धरलं. पुढे मृतांच्या घरच्यांनी सरकारवर दावा लावला आणि कोर्टाने कंट्रोलरच्या चुकीची भरपाई सरकारच्या गळ्यात घातली. भरपाईचा निकाल मला मान्य आहे. तरी माझ्या मते त्या दिवशीची खरी चूक रडारच्या खोलीत नव्हती, विमानाच्या दारात होती. दारात उभ्या असलेल्या अठरांपैकी कुणालाही खाली वाकून म्हणता आलं असतं, मला जमीन दिसत नाही, मी जात नाही. कंट्रोलरला ते म्हणताच येत नाही. त्याला खाली काही दिसतच नसतं, तो बंद खोलीत बसलेला असतो.

क्लिअरन्स मागताना आणि देताना काय बोललं गेलं ते नीट आठवून बघ. टॉवर तुला इतकंच सांगतो की माझ्या माहितीतलं दुसरं विमान तुझ्या वाटेत नाही. ‘माझ्या माहितीतलं’ हे शब्द फार महत्त्वाचे. रेडिओ न लावता कुणी खालून चाललं असेल तर ते त्याला ठाऊक नाही. ढग त्याला तुझ्या दारातून दिसतो तसा दिसत नाही. विमान ठरल्या जागेच्या वर आहे की वाऱ्याने किलोमीटरभर सरकलंय, ते रडारवर ढोबळ कळतं. पण खालचं शेत, विजेच्या तारा, विहीर हे बघून ‘आता’ म्हणायचं काम दारातल्या माणसाचं. नियमही तसाच आहे: डोळ्यांनी बघून उडणाऱ्या विमानाने ढगापासून आडवं दीड किलोमीटर आणि वरखाली हजार फूट लांब राहायचं. तुमच्या खाली ढग आले तेव्हा तुमची उडी टॉवरच्या हातातून केव्हाच निसटली होती. उरला तो फक्त इन्स्ट्रक्टर. त्याने मान हलवली. त्याला पैसे परत करावे लागले असतील, पेट्रोल वाया गेलं, तुझ्यासारखीची बोलणी खाल्ली, आणि तरी हलवली. मी तिथे असतो तर त्याला समोसा चारला असता.

आमच्यात उलटंही घडतं बरं का. दारातला माणूस तयार, जमीन स्वच्छ दिसतेय, वारा शांत, आणि टॉवर म्हणतो ‘निगेटिव्ह, वन ऑर्बिट’. एक चक्कर मारून या. तेव्हा त्यानेही कटकट न करता चक्कर मारायची असते. दोघांपैकी एकाचं ‘नाही’ पुरेसं, आणि ‘हो’ मात्र दोघांचं लागतं. घरातली लग्नंसुद्धा याच रीतीने ठरत असती तर बरं झालं असतं, पण तो विषय तुझ्या आईसमोर नको.

30 सप्टेंबर 2023 ला इथे बड्या तालाबावर हवाई दलाची कसरत झाली, वर्धापनदिनाची. तेव्हा तू माझ्या शेजारी उभी राहून ओरडत होतीस. पाण्याच्या काठी लाखभर माणसं आणि डोक्यावरून गर्जत जाणारी विमानं. तू मला विचारलं होतंस की ही एकमेकांना कशी आपटत नाहीत. मी तेव्हा काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं, कारण आवाजात काही ऐकूच येत नव्हतं. आता एवढं सगळं लिहिलंय, त्यात ते उत्तरही आलं असं समज.

पुढच्या खेपेला निघायच्या आदल्या रात्री जागरण करू नकोस, आणि पहाटे फोनवर इंदूरचा मेटार बघ. हा हवामानाचा सांकेतिक अहवाल, अर्ध्या-अर्ध्या तासाने निघतो, इंदूरची खूण व्हीएआयडी आणि आपल्या भोपाळची व्हीएबीपी. त्यात ढगांचं माप आठव्या भागांत असतं. ‘एफईडब्ल्यू’ असेल तर आकाशाचे एक-दोन अष्टमांश झाकलेले, निवांत जा. ‘एससीटी’ म्हणजे तीन-चार, जा पण आशा बेताची ठेव. ‘बीकेएन’ म्हणजे पाच ते सात. पुढचे तीन आकडे ढगाच्या तळाची उंची शेकडा फुटांत सांगतात, आणि ही उंची विमानतळाच्या जमिनीपासून मोजलेली असते, समुद्रापासून नाही, म्हणजे इथे ती तुझ्या मनगटावरच्या अल्टीमीटरशी जुळते. ‘बीकेएन040’ दिसलं तर चार हजार फुटांवर छत घातलंय असं समज. तसं असेल तर ऑपरेटरला फोन करून विचार, आणि तो ‘या, बघू’ म्हणाला तरी घाई करू नकोस. आधी पोहे-जलेबी खा, दुसरा मेटार येऊ दे.

आईला माझा निरोप सांग की गुडघा बरा आहे.

तुझा,
मामाआजोबा